इंग्रजी अर्जांत नुकसान कसें मांडावें

पालकांपैकीं कोणी शाळेंत आले कीं, मुलाच्या प्रगतीची चौकशी झाल्यावर पुष्कळदां खिशांतून एक घडी केलेला कागद निघतो. “गुरुजी, एवढें जरा इंग्रजींत करून द्या.” कधीं विमा कंपनीस पाठवावयाचा पिकाच्या नुकसानीचा मजकूर असतो, कधीं परराज्यांतील कारखान्याकडे बियाण्याची किंवा पंपाची तक्रार असते, तर कधीं सैन्यांतील मुलाच्या वरिष्ठांस रजेविषयीं विनंति असते. आपल्या राज्याच्या कचेऱ्यांत मराठी चालते. 1964 च्या राजभाषा कायद्यानें तिला तो मान दिला आहे. परंतु केंद्र सरकारचीं कांहीं खातीं, परप्रांतीं मुख्य कचेरी असलेल्या कंपन्या आणि उच्च न्यायालय यांचा पुष्कळसा कारभार अद्याप इंग्रजींतच होतो. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसलेल्या आपल्या जळकोटास यांपैकीं कोणाचें ना कोणाचें दार केव्हां तरी ठोठावावेंच लागतें.

कागद उघडून पाहावा तों बहुधा एकच मजकूर आढळतो: अमुक गोष्टीमुळें आमचें फार नुकसान झालें आहे, तरी साहेबांनीं योग्य ती दखल घ्यावी. मराठी म्हणून हें वाक्य निर्दोष आहे. त्याचें इंग्रजी करणेंही कठीण नाहीं. आणि तरीही अर्ज म्हणून तें निकामी ठरतें. असें कां व्हावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. त्यास आरंभ आम्हीं स्वतः केलेल्या एका चुकीपासून करणें हेंच न्याय्य होईल.

जळकोटास येण्यापूर्वीं आम्ही दुसऱ्या एका खेड्यांतील शाळेवर होतों. गांवाच्या कडेनें ओढा आणि ओढ्यापलीकडे दोन वस्त्या. ओढ्यावर एक लहानशी मोरी होती. तिच्या पोटांतून पाणी जाई आणि पाठीवरून मुलें शाळेस येत. एका वर्षीं उन्हाळ्यांत तेथें कांहीं काम निघालें. काम संपलें, माणसें निघून गेलीं, पण खणलेली माती मोरीच्या तोंडाशीं तशीच राहिली. पहिल्याच मोठ्या पावसांत मोरी तुंबली आणि पाणी वाटेवर चढलें. काम करणाऱ्या मंडळींची मुख्य कचेरी परराज्यांत होती. तेव्हां पत्र इंग्रजींत लिहिणें प्राप्त झालें, आणि पदवीधर म्हणून तें काम आमच्या वांट्यास आलें.

आम्हीं तें मोठ्या हौसेनें केलें. ‘अनटोल्ड हार्डशिप’, ‘ग्रेव्ह कॉन्सिक्वेन्सेस’, ‘हेल्पलेस व्हिलेजर्स’ असे भारदस्त शब्द शोधून शोधून घातले. परिस्थिति अत्यंत शोचनीय असून पुढें भयंकर परिणाम होतील, असा एकंदर आशय होता. गांवकऱ्यांस तें वाचून दाखविलें तेव्हां अर्थ न कळतांही त्यांनीं माना डोलाविल्या, आणि आम्हांसही जरा धन्यता वाटली. तीन आठवड्यांनीं दोन ओळींचें उत्तर आलें. आपलें पत्र पोंचलें; मजकुराची नोंद घेतली आहे. झालें!

त्या उत्तराचा आम्हांस फार राग आला. पुढें एके दिवशीं आमच्याच पत्राची नक्कल पुन्हां वाचली, आणि राग ओसरून त्याची जागा लाजेनें घेतली. ओढ्याचें नांव त्यांत नव्हतें. मोरी कोणत्या वाटेवर आहे, पाणी कोणत्या तारखेस चढलें, किती दिवस राहिलें, कोणाचें येणेंजाणें अडलें, यांपैकीं कांहींच नव्हतें. ‘मोरी’ हा शब्दसुद्धां नव्हता. कारण तिला इंग्रजींत ‘कल्व्हर्ट’ म्हणतात हें त्या वेळीं आठवलें नाहीं, आणि कोश उघडण्याचा आम्हीं कंटाळा केला. शेंकडों कोसांवर बसलेल्या त्या कारकुनानें नोंद घेण्यापलीकडे करावें तरी काय? परिणाम भयंकर आहेत एवढें पत्र सांगत होतें. ते कोणावर, हें सांगत नव्हतें.

येथें आपल्या भाषेच्या एका सोयीचा उल्लेख केला पाहिजे. मराठींत ‘नुकसान झालें’, ‘त्रास होतो’, ‘अपाय घडला’ असें म्हणून थांबतां येतें. तें कोणीं केलें हें सांगण्याची सक्ति नाहीं. जणूं कांहीं नुकसान हें पावसासारखें आभाळांतूनच पडतें! गांवच्या चावडीवर यानें कांहीं बिघडत नाहीं. ऐकणारास ओढा ठाऊक, मोरी ठाऊक, माती टाकणाराही ठाऊक असतो. इंग्रजीसही कर्ता लपवितां येत नाहीं असें नाहीं. कर्मणि प्रयोग तिच्यांतही आहे व सरकारी खलित्यांतून तो मुबलक आढळतो. परंतु अपाय सांगणारीं तिचीं नेहमींचीं क्रियापदें, म्हणजे ‘कॉज’, ‘डॅमेज’, ‘प्रिव्हेंट’, ‘लीड टु’, हीं आपल्या अगोदर एक कर्ता मागतात, आणि बहुतेक आपल्यानंतर एक कर्मही मागतात. कोणीं केलें व कोणास झालें, हीं दोन्ही घरें भरल्यावांचून वाक्य उभें राहत नाहीं. जो विद्यार्थी हीं घरें प्रामाणिकपणें भरूं लागतो त्यास आपणांस काय ठाऊक आहे आणि काय नाहीं, हें आपोआप कळूं लागतें.

‘ड्यू टु वॉटर चिल्ड्रन आर फेसिंग मेनी प्रॉब्लेम्स.’ हें वाक्य, पाण्याच्या जागीं कधीं मोबाइल, कधीं धूर, कधीं दारू घालून, आम्हीं उत्तरपत्रिकांत किती वेळां वाचलें याची गणति नाहीं. व्याकरणाच्या दृष्टीनें तें तरून जाईल. पण पाणी कोठलें? मुलें कोणतीं? आणि ‘प्रॉब्लेम’ म्हणजे नेमकें काय, ताप कीं गैरहजेरी? आपल्या ‘मुळें’ या शब्दयोगी अव्ययाचें सारें ओझें ‘ड्यू टु’ या दोन शब्दांवर टाकून विद्यार्थी मोकळा होतो. ‘प्रॉब्लेम’ हा शब्द तर आम्हीं वर्गांत एक महिनाभर बंदच करून पाहिला. पहिला आठवडा मुलांस फार जड गेला. पुढें त्याच मुलांच्या वह्यांत खोकला, पडलेली भिंत, बुडालेली मजुरी असे शब्द येऊं लागले.

दुसरी अडचण शब्दांच्या वांटणीची आहे. ‘नुकसान’ हा आपल्याकडे फार कामाचा शब्द. पीक बुडालें तरी नुकसान, हंडा फुटला तरी नुकसान, परीक्षेस बसतां आलें नाहीं तरी वर्षाचें नुकसान. इंग्रजींत या एका शब्दाचीं निदान चार घरें होतात. वस्तु मोडली, भिजली, बिघडली तर ‘डॅमेज’. हातची गेली तर ‘लॉस’. माणसाच्या अंगास लागलें तर ‘इंज्युरी’. आणि या साऱ्यांस पोटांत घेणारा, आपल्या ‘अपाय’ शब्दाच्या जवळचा, तो ‘हार्म’. गारपिटींत द्राक्षाचे घड फुटले हें डॅमेज. त्या घडांचे यावयाचे पैसे आले नाहींत हा लॉस. बाग झांकावयास गेलेल्या मजुराच्या डोक्यास गार लागली ती इंज्युरी. अर्ज वाचणारा मनुष्य या तिहींचा हिशेब निरनिराळा धरतो. आपण तिन्ही एका ‘हेवी लॉस’ मध्यें कोंबलीं तर तो त्यांतील एकच मोजील, आणि तें बहुधा सर्वांत स्वस्त असेल!

शिवाय ‘डॅमेज’ या शब्दास अनेकवचनाचा प्रत्यय लागला कीं तो निराळाच होतो. ‘डॅमेजेस’ म्हणजे कायद्याच्या भाषेंत नुकसानीची भरपाई. एका अर्जांत ‘वी हॅव रिसीव्ह्ड हेवी डॅमेजेस’ असें वाक्य आमच्या पाहण्यांत आलें. याचा सरळ अर्थ असा कीं, आम्हांस मोठी भरपाई मिळून चुकली आहे. बिचाऱ्या अर्जदारास तर ती हवी होती.

जोडीच्या शब्दांत दिशाही संभाळावी लागते. ‘रिझल्ट इन’ हें कारणाकडून परिणामाकडे जातें, आणि ‘रिझल्ट फ्रॉम’ हें परिणामाकडून कारणाकडे परततें. एका लहानशा शब्दाच्या चुकीनें पूर मोरीमुळें आला कीं मोरी पुरामुळें तुंबली, हें उलटेंसुलटें होऊन जातें, आणि दोष भलत्याच्याच माथीं बसतो. ‘अफेक्ट’ हें सामान्यतः क्रियापद व ‘इफेक्ट’ हें सामान्यतः नाम, एवढें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. मात्र ‘अफेक्ट’ म्हणजे केवळ परिणाम करणें. तो परिणाम वाईट, असें त्यांत आलेलें नाहीं. ‘कॉज’ च्या मागें लगेच ‘टु’ घालण्याची संवय आपल्या मुलांस फार आहे. अपाय आधीं व ज्यास झाला तो मागून, असा क्रम असावा: ‘कॉज डॅमेज टु द क्रॉप.’

मूळ मुद्द्याकडे वळण्यापूर्वीं सहज मनांत येतें तें लिहितों. अर्ज, तक्रार, कैफियत, हजेरी आणि खुद्द नुकसान, हे सारे शब्द फारसी-अरबी कारभारांतून आपल्या बोलींत आले आणि येथलेच होऊन बसले. 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता व वरिष्ठ दरबारची भाषा उर्दू होती. आपलें दुःख परक्या भाषेंत दुसऱ्याच्या हातून लिहवून घेण्याचा प्रसंग आमच्या पिढीवर नव्यानें आलेला नाहीं. पूर्वजांनीं त्या भाषेचे शब्द पचविले; इंग्रजीचेही पचतील.

आतां अपाय सांगण्याच्या कामीं एका थोर पुरुषास काय अनुभव आला तें पाहूं. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें नांव वाचकांस परिचित आहे. परंतु ते मुळांत शिक्षक होते. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें व पुढें फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं अनेक वर्षें शिकविलें आणि अंकगणिताचें एक पुस्तकही तयार केलें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. इंग्रजी लेखनांत आणि भाषणांत त्यांच्या तोडीचीं माणसें त्या काळीं थोडीं होतीं. तेव्हां त्यांच्या हातून जें घडलें तें भाषेच्या कच्चेपणामुळें घडलें असें कोणीं समजूं नये.

1897 सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास ते विलायतेस गेले. ती साक्ष त्यांनीं उत्तम दिली. इकडे पुण्यांत प्लेगानें कहर केला होता, आणि रोगी हुडकण्यासाठीं घरें तपासण्याचें काम रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीनें गोऱ्या सैनिकांकडे दिलें होतें. सैनिक घरांत कोठेंही शिरतात, सामानसुमानाची नासधूस करितात, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून येत होत्या. 22 जून 1897 रोजीं रात्रीं रँड व आयर्स्ट या दोघां अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. पुण्याचे लोक इतके कां खवळले, असा प्रश्न विलायतेंत उत्पन्न झाला. गोखल्यांस पुण्याहून मित्रांचीं पत्रें येत असत. त्यांच्या आधारावर त्यांनीं ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रास सांगितलें कीं, सैनिकांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकीं एकीनें पुढें आत्महत्या केली.

पार्लमेंटांत प्रश्न निघाला. मुंबई सरकारनें साफ इन्कार केला आणि पुराव्याची मागणी झाली. जुलैच्या अखेरीस गोखले परतले. ज्यांनीं पत्रें लिहिलीं होतीं त्यांच्यापाशीं लोकांपुढें ठेवतां येईल असा पुरावा नव्हता, आणि त्यांचीं नांवें उघड करून त्यांस संकटांत लोटणें गोखल्यांस मान्य नव्हतें. ऑगस्टांत त्यांनीं जाहीर व विनाशर्त क्षमा मागितली. स्वकीयांनींही त्यांस पुष्कळ बोल लाविले. त्या वेळीं त्यांचें वय 31 वर्षांचें होतें.

विद्यार्थ्यांनीं येथें जरा थांबावें. गोखल्यांनीं सांगितलेली हकीकत खोटी ठरली, असें आम्ही म्हणत नाहीं. ती खरी असल्याचें त्यांस दाखवितां आलें नाहीं, एवढेंच. या दोहोंत अंतर आहे, पण वाचणाऱ्यास तें दिसत नाहीं. घरांची झडती, घरांत सैनिकांचें शिरणें, सामानाची नासाडी, हे अपाय शेंकडों लोकांनीं डोळ्यांनीं पाहिले होते आणि त्यांस साक्षीदार मिळाले असते. सर्वांत भयंकर तेंच पुढें केलें गेलें, व त्यासच आधार नव्हता. तें कोसळतांच त्याच्या धुरळ्यांत बाकीच्या खऱ्या तक्रारीही दिसेनाशा झाल्या. आमच्या मतें त्या प्रकरणांतील खरें नुकसान गोखल्यांच्या लौकिकाचें नव्हे, पुण्याच्या त्या अनाम घरांचें झालें.

पुढें पांच वर्षांनीं, 26 मार्च 1902 रोजीं, याच गोखल्यांनीं व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलांत अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. लागोपाठ चार वर्षें तिजोरींत मोठी शिल्लक पडत होती, आणि ती पाहून सरकार संतुष्ट होतें. गोखल्यांनीं त्या शिलकेचेंच पोट फाडून दाखविलें. 1893 पासून टांकसाळी बंद ठेवून रुपयाचा भाव 13 पेनींच्या आसपास होता तो 16 पेनींवर चढविण्यांत आला होता, त्यामुळें सरकारचा विलायतेकडील खर्च रुपयांच्या हिशेबानें उतरला. परंतु रुपया पडलेला असतांना जे कर वाढविले होते ते तसेच ठेवले. म्हणजे शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नसून तिच्याकडून जरुरीपेक्षां अधिक घेतल्याची खूण होती. आणि तीही 1896-97 व 1899-1900 या दोन मोठ्या दुष्काळांच्या मागेंपुढें!

त्यांतील मिठाचें प्रकरण विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत घ्यावें, कारण नुकसान कसें मांडावें याचा तो उत्तम पाठ आहे. 1888 सालीं मिठावरील कर मणामागें 2 रुपयांवरून 2 रुपये 8 आणे झाला होता. गोखल्यांनीं रयतेच्या हालांचें करुण चित्र काढण्यांत वेळ दवडला नाहीं. कोणता कर, केव्हांपासून, किती वाढला, आणि त्यानंतर मिठाच्या खपाची वाढ कशी खुंटली, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून मांडलें. मनुष्य कापडावांचून, तुपावांचून दिवस काढील. मिठांत काटकसर करावयास लागतो तेव्हां त्याच्यापाशीं दुसरें कांहीं काटावयाचें उरलेलें नसतें. आंकडे ज्यांचे, त्यांनाच ते खोटे म्हणतां येईनात.

1903 सालीं मिठाचा कर 2 रुपयांवर आला, 1905 सालीं दीड रुपयावर आणि 1907 सालीं 1 रुपयावर. 1903 सालींच प्राप्तीवरील कराची किमान मर्यादा 500 रुपयांवरून 1000 रुपयांवर नेण्यांत आली. हें सर्व एका भाषणामुळें झालें, असें मात्र म्हणूं नये. तिजोरी भरलेली होती आणि मागणी करणारे इतरही होते. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गांठ पडली म्हणजे फांदी कावळ्यानें मोडली असें होत नाहीं. इंग्रजींत ‘आफ्टर’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांत हेंच अंतर आहे, आणि आमच्या निबंधांतून तें दररोज पुसलें जातें.

आमच्या विद्यार्थिनींसाठीं रखमाबाईंचा निर्देश केल्यावांचून राहवत नाहीं. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या मुलीनें 1885 सालीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत ‘ए हिंदू लेडी’ या सहीनें इंग्रजी पत्रें लिहून बालविवाहाचे अपाय मांडले. वाईट चाल, दुष्ट रूढि, असे शब्द तर तेव्हां सभासभांतून ऐकूं येत. रखमाबाईंनीं याहून अधिक केलें: आपणांस सर्वांत प्रिय असलेल्या विद्येच्या आड ही चाल येते, असें बोट ठेवून सांगितलें. अपाय कोणास, तर मजला. कशाचा, तर शिक्षणाचा. 1887 सालीं नवऱ्याकडे जा, नाहीं तर तुरुंगांत जा, असा निकाल त्यांच्याविरुद्ध झाला. तुरुंग पत्करण्याची त्यांनीं तयारी दाखविली. 1888 सालीं तडजोड झाली. पुढें विलायतेस जाऊन त्या डॉक्टर झाल्या व सुरतेस त्यांनीं रुग्णसेवा केली.

राहतां राहिला निश्चिततेचा प्रश्न. झालें, होत आहे, होईल आणि होण्याचा संभव आहे, हीं चार निरनिराळीं विधानें आहेत. इंग्रजींत त्यांचीं रूपें ‘हॅज कॉज्ड’, ‘इज कॉजिंग’, ‘विल कॉज’ आणि ‘मे कॉज’ अशीं होतात. जें घडलें त्यास ‘मे’ लावणें हा भित्रेपणा, आणि ज्याची केवळ भीति वाटते त्यास ‘हॅज’ लावणें ही लबाडी. मधल्या जागेसाठीं ‘इज लाइकली टु’ हा चांगला प्रयोग आहे. पण तो वापरणारानें असें कां वाटतें हें पुढच्याच वाक्यांत सांगावें. ‘सीरियस’, ‘टेरिबल’, ‘डिझास्ट्रस’ हीं विशेषणें पूर्ण वर्ज्य करा, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र तीं काढून टाकल्यावर वाक्यांत कांहीं उरतें कीं नाहीं, हें लिहिणारानें एकदां पाहावें. आमच्या पहिल्या पत्रांत सहीशिवाय फारसें कांहीं उरलें नसतें.

त्या पत्राची हकीकत अर्धीच राहिली आहे. दिवाळीनंतर आम्हीं दुसरें पत्र लिहावयास घेतलें. या वेळीं कोशाबरोबर शाळेचा हजेरीपट समोर ठेविला. कारण आमच्यापाशीं असलेला लेखी पुरावा तोच होता, आणि तो तक्रारीसाठीं तयार केलेला नव्हता. जुलै महिन्यांत 9 दिवस असे सांपडले कीं, ज्या दिवशीं ओढ्याअलीकडचीं मुलें हजर आणि पलीकडचीं 26 मुलें एकजात गैरहजर. तें आम्हीं तारखा देऊन लिहिलें. ‘द वॉटर कव्हर्ड द रोड ऑन नाइन डेज इन जुलाय, अँड ट्वेंटी-सिक्स चिल्ड्रन कुड नॉट रीच स्कूल.’ वाक्य अगदीं साधें. हौसेचा एकही शब्द त्यांत नाहीं. मोरीच्या तोंडाशीं माती केव्हां पडली, कोणत्या कामांतून पडली, हें पाहिलेल्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्या.

एका ठिकाणीं मात्र लेखणी अडली. त्या पावसाळ्यापासून पलीकडच्या वस्तीवरील दोन मुली शाळेंतून नाहींशा झाल्या होत्या. गांवांत सर्वजण म्हणत कीं, मोरीनें त्यांचें शिक्षण बुडविलें. तसें लिहिलें असतें तर पत्रास केवढें वजन आलें असतें! आम्ही दोन्ही घरीं जाऊन आलों. एकीच्या वडिलांनीं सांगितलें, “गुरुजी, रोज पोरीला काठावर सोडायचं आन् सांजपतूर जिवाला घोर. त्यापरीस घरी बरी.” दुसऱ्या घरास कुलूप होतें. तें कुटुंब दसऱ्यानंतर ऊसतोडीस गेलें होतें, आणि मागच्या दोन वर्षींही गेलें होतें असें शेजाऱ्यांनीं सांगितलें. मोरी मोकळी असती तरी ती मुलगी गेलीच असती.

आम्हीं पत्रांत एकच मुलगी लिहिली. वडिलांचें म्हणणें त्यांच्याच शब्दांत, त्यांचें म्हणणें म्हणून, इंग्रजींत उतरविलें आणि खालीं त्यांचा अंगठा घेतला. गांवकऱ्यांपैकीं कांहींस हें आवडलें नाहीं. दोन लिहिल्या असत्या तर कोण पाहावयास येणार होतें, असें ते म्हणाले.

पण एक मनुष्य पाहावयास आला. जानेवारींत त्या मंडळींकडून एक तरुण इंजिनियर आला, त्यानें मोरी पाहिली, हजेरीपट मागितला, आणि मुलीच्या घरीं नेण्यास सांगितलें. पुढच्या उन्हाळ्यांत माती उचलली गेली आणि जुन्या मोरीच्या जागीं दोन मोठे सिमेंटचे नळ बसले. तें आमच्या पत्रामुळें झालें, कीं त्यांचा कांहीं दुसरा बेत आधींच ठरला होता, हें आम्हीं विचारलें नाहीं.

जून महिन्यांत ती मुलगी शाळेंत आली व एक वर्ष मागच्या वर्गांत बसली. ऊसतोडीचें कुटुंबही उन्हाळ्यांत गांवीं परत आलें होतें; परंतु त्या दुसऱ्या मुलीचें नांव आम्हांस पटावरून कमी करावें लागलें. तिच्याविषयीं कोणत्या कचेरीस लिहावें, हें मात्र आम्हांस कळलें नाहीं.